दीड वाजताचा भोंगा
(सोसायटीच्या ग्रुपवरनं)

बी-१०३ वहिनी, सकाळी ६:४८
काल रात्री पुन्हा गाडीचा अलार्म. दीडला सुरू, मग बंद, मग परत सुरू. बाळ आत्ता कुठं झोपलंय आणि मला डबा करायचाय. खांब नंबर ७, पांढरी गाडी. कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे.

बी-३०३
वैनी, मी गॅलरीतनं बघितलं. गाडीजवळ चिटपाखरू नव्हतं. पाऊस तेवढा होता.

ए-३०१ सेक्रेटरी
सी-४०३ यांनी कृपया खुलासा करावा. या महिन्यातली ही सहावी तक्रार.

सी-४०३ वहिनी
दादा, हे नाईटला असतात. गोकुळ शिरगावला कंपनीच्या बसनं जातात. रिमोट गाडीच्या किल्लीला आणि किल्ली यांच्या खिशात. मी खाली जाऊन गाडीला हात जोडू का?

बी-३०३
नारळ फोडा एक.

सी-४०३, सकाळी ८:१०
आत्ता आलोय ड्यूटीवरनं. सगळ्यांची माफी मागतो. गाडी सेकंडहँड आहे, अलार्म आधीच्या मालकानं बाहेरनं बसवलेला. बॉनेटवर मांजरं बसतात, त्यामुळं होत असणार. आता चांगला भारीतला घ्यावा म्हणतोय. उद्यमनगरात एकानं साडेचार हजार सांगितलेत. कुणी बसवलाय काय?

बी-२०४ आबा
थांब जरा. साडेचार हजार खिशातच ठेव. एसटीच्या वर्कशॉपला जन्म गेला माझा वायरिंगमध्ये, म्हणून सांगतो. अलार्म बिघडलेला क्वचित असतो. बसवलेला चुकीचा असतो. भारीतला आणलास आणि असाच बसवलास तर भारीतला भोंगा वाजंल, एवढाच फरक.

पहिलं सांग, वाजून गेल्यावर रिमोटनं अनलॉक करताना डॅशवरची लाल लाईट किती वेळा लुकलुकते? बऱ्याच अलार्ममध्ये त्यावरनं कळतं कशामुळं वाजला ते. दार, बॉनेट की धक्क्याचा सेन्सर.

सी-४०३
कधी बघितलं नाही आबा. मॅन्युअल पण नाही.

बी-२०४ आबा
असू दे. रोज वाजतो का ठरावीक दिवशी?

सी-४०३
रोज नाही. कधीपण वाजतो.

ए-४०१ वकीलसाहेब
आबा शोध घेतील, पण कायदाही नजरेखाली असू द्या. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरतात आणि मर्यादा ४५ डेसिबल आहे. दिवसा ५५. गाडीचा सायरन जवळून शंभराच्या वर जातो. कुणी तक्रार केली तर "मांजर बसलं होतं" हा बचाव टिकणार नाही.

बी-३०३
मांजराला पार्टी करा साहेब.

बी-२०४ आबा
वकीलसाहेबांचं बरोबर आहे. युरोपात तर नियम आहे, एका दणक्याला सायरन २५ ते ३० सेकंदच वाजायचा, मग गप्प. परत कुणी हात लावला तरच परत वाजायचा. आपल्याकडं बाहेरनं बसवलेले काही काही मिनिटभर कोकलतात. आणि ज्याला रोज वाजायची सवय त्याला चोर पण घाबरत नाही. काल दीडला वाजला तेव्हा खाली कोण आलं? कोणच नाही.

ए-१०२ आजी
मी नातीकडून लिहून घेतेय. मला रात्रीची झोप नसते. भोंगा वाजला की मी कॅलेंडरवर खूण करते, दुधाच्या हिशोबाशेजारी. फोटो पाठवायला सांगते.

ए-१०२ आजी
फोटो

बी-२०४ आबा
वा वैनी! ह्याला म्हणायचं रेकॉर्ड. वर्कशॉपला असं कुणी लिहून ठेवलं नाही कधी.
ह्या ज्या तारखांना खुणा आहेत, त्या रात्री पाऊस होता का? आठवतंय?

ए-१०२ आजी
आठवायला कशाला पाहिजे. छत्रीचं चित्र काढलंय ना शेजारी, म्हणजे दोरीवरचे कपडे आत घेतले ती रात्र. नऊ खुणा आहेत, आठांना छत्री आहे. एका रात्री पाऊस नव्हता, पण कोपऱ्यावर बाराला कुणाच्या तरी वाढदिवसाचे बॉम्ब लावले होते.

बी-२०४ आबा
झालं. मांजर निर्दोष.
पावसात वाजतो म्हणजे पाणी कुठंतरी जायला नको तिथं जातंय. आणि बॉम्बला वाजला म्हणजे सेन्सर पण गरजेपेक्षा जास्त तिखट ठेवलाय. दोन वेगळे आजार आहेत, एक औषध चालायचं नाही. आज पाचला खाली ये, झोप काढून ये. बारका स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडं आहे. येताना तीन किलो तांदूळ एका पिशवीत घेऊन ये.

सी-४०३
तांदूळ?

बी-२०४ आबा
ये तर.

सी-२०२
आबा, एक विचारू का, मधेच. गाडी सेकंडहँड म्हणताहेत. २०१९ ला किंवा २०२१ ला पुरात बुडालेली असली तर? आपल्या पार्किंगमध्येच गुडघाभर आलं होतं २०१९ ला.

बी-२०४ आबा
चांगलं विचारलंस. बघणार आहे. सीटखालचं कार्पेट उचलायचं आणि वायरींचे कपलर, म्हणजे जोड, उघडून बघायचे. आत तांब्याला हिरवा गंज दिसला तर गाडीनं पंचगंगा बघितलीय म्हणायची. अशा गाडीत अलार्मच काय, खिडकीपण मनाला येईल तेव्हा खाली जाते.

ए-३०१ सेक्रेटरी
दरम्यान, सी विंगची टाकी साफ करायला माणूस आला आहे. ४ वाजेपर्यंत पाणी बंद.

बी-३०३, सायंकाळी ५:२०
पार्किंगमधून थेट. आबा स्टिअरिंगखाली उताणे पडलेत, फक्त पाय दिसायलेत. आतनं शिव्या यायल्यात, त्या लिहीत नाही.

बी-३०३
सेन्सर सापडला. काड्यापेटीएवढी काळी डबी. एसीच्या प्लास्टिकच्या पाइपला चिकटपट्टीनं बांधलेली, लोंबत होती. बटण पार टोकापर्यंत फिरवलेलं.

बी-२०४ आबा, सायंकाळी ६:३५
वर आलो. पोरानं शिव्या सोडून बाकीचं लिहिलंय, आता नीट सांगतो, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

धक्क्याचा सेन्सर म्हणजे थरथर ओळखणारी डबी. ती गाडीच्या घट्ट पत्र्याला किंवा लोखंडी पट्टीला कसून बांधायची. लोंबत्या प्लास्टिकला बांधली तर ती गाडीचा धक्का ओळखत नाही, स्वतःच हलते. ह्या गाडीत शेजारनं बुलेट गेली तरी हलत असणार. स्टिअरिंगच्या खाली लोखंडी पट्टी आहे, तिथं दोन केबल टायनं आवळली.

मग सेटिंग. डबीवर बारका स्क्रू असतो. आधी पूर्ण कमी करायचा. गाडी लॉक करायची आणि अर्धा मिनिट थांबायचं, कारण लॉक केल्या केल्या सेन्सर जागा होत नाही. लोक इथंच चुकतात, लगेच टपली मारतात, वाजत नाही म्हणून अजून वाढवतात. थांबून मग दोन खिडक्यांच्या मधल्या खांबावर मुठीच्या मऊ बाजूनं मारायचं. काचेवर मारायचं नाही. वाजला नाही तर स्क्रू केसभर वाढवायचा, परत लॉक, परत थांबायचं. अकरा वेळा केलं आम्ही. कंबर गेली माझी.

बी-१०३ वहिनी
आणि तांदूळ?

बी-२०४ आबा
तांदूळ म्हणजे मांजर. बॉनेटवर जुना टॉवेल टाकला आणि वीतभर उंचीवरनं पिशवी सोडली. त्याला वाजता कामा नये. ह्यातल्या सेन्सरला दोन पायऱ्या आहेत. हलका धक्का लागला तर नुसतं पिक-पिक, जोराचा लागला तर सायरन. तांदळाला पिक-पिक पण नको, खांबावरच्या हलक्या मुठीला पिक-पिक, जोराच्या मुठीला सायरन, असं लावलंय. दार उघडलं, बॉनेट उघडलं तर सायरन वाजतोच, त्याचा ह्या स्क्रूशी काही संबंध नाही. म्हणून सेन्सर कमी केला तर चोर सुटंल ही भीती काढून टाका.

आता पावसाचा आजार. बॉनेटच्या कडेला एक खटका असतो. बॉनेट बंद असलं की दबलेला राहतो, उघडलं की वर येतो आणि वायर बॉडीला टेकून अलार्मला सांगतो, बॉनेट उघडलं. ह्या खटक्याची रबरी टोपी फाटलेली, आत गंज. मी लॉक करायला लावलं आणि बॉनेटच्या फटीतनं तांब्यानं पाणी सोडलं.

बी-३०३
तांब्या अर्धा पण रिकामा झाला नाही, भोंगा सुरू. वॉचमनमामा खुर्चीतनं पडायचे राहिले.

बी-२०४ आबा
गंज आणि पाणी मिळून वायर बॉडीला जोडली जाते. गाडीला वाटतं कुणीतरी बॉनेट उघडलं. ७ नंबरच्या खांबाजवळ वरनं पन्हळीचं पाणी उडतं, ते नेमकं ह्याच कोपऱ्यात येतं. सेक्रेटरी, ती पन्हळ पण बघा.
नवा खटका आणला कोपऱ्यावरनं. शंभराच्या आत आला. साडेचार हजार वाचले, त्यातनं मला मिसळ घाल.

कार्पेट उचलून बघितलं, कोरडं आहे. कपलर स्वच्छ. गाडीनं पूर बघितलेला नाही.

सी-४०३
आबा, मिसळ कशाला, रविवारी तांबडा-पांढरा. पण आता तुम्हीच सांगा, आता भारीतला नको, तरी चोरीसाठी एवढं पुरेल का?

बी-२०४ आबा
खरं सांगू? अलार्म हाक मारतो, गाडी अडवत नाही. अडवायचं काम इमोबिलायझर करतो. तुझ्या किल्लीच्या डोक्यात चिप आहे, कंपनीनं दिलेली. ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. ते तुझ्याकडं आधीच आहे. वरनं एक गिअर लॉक बसव, तो दिसतो आणि तोडायला वेळ लागतो. आवाज करायचं काम मग ह्या जुन्या भोंग्याला करू दे.

एक अजून. बॅटरी बघ. अलार्म झोपलेला असला तरी थोडा करंट पीतच असतो. २५ मिलिअँपिअर धरलास तर दिवसाला ०.६ अँपिअर-अवर, पंधरा दिवसात नऊ. तुझी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी, तीही जुनी, आणि गाडी आठवडा आठवडा उभी. व्होल्टेज पडलं की काही अलार्म त्यालाच चोरी समजतात. सकाळी चालू करायच्या आधी मीटर १२.४ व्होल्टच्या खाली दाखवायला लागला तर चार्ज करून घे.

आणि दुसरा रिमोट घरात खिळ्याला टांग. ते सगळ्यात आधी.

सी-४०३ वहिनी
आबा, हे मी वर्षभर सांगायलोय.

ए-४०१ वकीलसाहेब
नवीन बसवणाऱ्यांसाठी: पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेनं मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण असेल तर विम्याच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) भागात अडीच टक्के सूट मिळत आली आहे, पण जास्तीत जास्त ५०० रुपये. तेवढ्यासाठी घेऊ नका. मात्र चोरीचा क्लेम करताना कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. सेकंडहँड घेताना दुसरी किल्ली हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

सी-२०२
माझी बटण स्टार्ट आहे, किल्ली खिशात असली की दार उघडतं. त्याला बाहेरचा अलार्म जोडून घेऊ का?

बी-२०४ आबा
वॉरंटी आहे ना अजून? मग वायर कापून काही जोडू नको. जोडायचंच तर शोरूममधनं, कपलरला कपलर बसणारं. तुझ्या गाडीला धोका वेगळा आहे. घरातल्या किल्लीचा सिग्नल यंत्रानं लांबवर नेऊन गाडीला फसवता येतं. तू किल्ली दाराजवळ चपलांच्या कपाटावर ठेवतोस, मी बघितलंय. आत ठेव. भडंगाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून बघ. पण नुसतं ठेवून भागायचं नाही, डबा घेऊन गाडीजवळ उभा राहा आणि दार ओढ. उघडलं तर डबा कामाचा नाही, भडंग भर त्यात.

बी-३०३
गणपतीत काय करायचं आबा? मिरवणुकीत डॉल्बी गेटसमोर आला की सगळ्या गाड्या आरती म्हणतात.

बी-२०४ आबा
त्याला सेटिंग नाही. घराच्या काचा थरथरतात तिथं डबी काय करणार. बऱ्याच रिमोटवर सेन्सर बंद ठेवून लॉक करायची सोय असते, दारं-बॉनेट चालू, धक्का बंद. तेवढ्या दिवसापुरतं तसं करायचं. ज्यांच्या गाडीत आतल्या हवेची हालचाल ओळखणारा सेन्सर आहे त्यांनी काचा पूर्ण वर घ्या, आरशाला लोंबती बाहुली ठेवू नका. आणि सर्व्हिसिंगला देताना व्हॅले मोड लावता ना, म्हणजे अलार्म तात्पुरता बंद ठेवायची सोय, तो परत काढायला विसरू नका. गेल्या वर्षी माझ्याच गाडीचा तीन महिने तसाच राहिला होता. हे कुणाला सांगू नका.

ए-३०१ सेक्रेटरी
पन्हळीचं काम उद्या करून घेतो. तक्रार तात्पुरती बंद.

बी-१०३ वहिनी, दुसऱ्या दिवशी सकाळी ७:०५
रात्रभर धो धो पडला. एकदाही वाजला नाही. आबा, थँक्यू. बाळ सलग सहा तास झोपलं.

ए-१०२ आजी
छत्री काढली, खूण नाही. मला मात्र दीडला जाग आलीच. बराच वेळ वाट बघितली.