मदत हवी आहे: रिसीव्हर मध्येच बंद पडतो, गाणं कानाला टोचतं. स्पीकर बदलू की रिसीव्हर?

सुरसागरकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही बडोद्याचे. दिवाळीनंतर दांडिया बाजारातला वाडा सोडून मांजलपूरला फ्लॅटमध्ये आलो. सोबत सासऱ्यांचे (आमच्या बाबांचे) दोन जुने स्पीकर आले. लाकडी पेट्या, आठ इंची वूफर (खर्ज वाजवणारा भाग), मागच्या पत्र्यावर '४ ओहम, ६० वॉट' असं लिहिलेलं. त्यांचा जुना अॅम्प्लिफायर मात्र टेम्पोतून उतरवताना "जरा आपटला" आणि तिथेच संपला.

म्हणून नवा स्टिरिओ रिसीव्हर घेतला. माहितीपत्रकात ८ ओहमला दर चॅनेल ७० वॉट असं दिलंय. त्याच दुकानातून शेल्फवर ठेवायचे दोन छोटे स्पीकरही घेतले, ६ ओहम, ८७ डीबीवाले. दुकानाचा मुलगा येऊन जोडून गेला: जुने 'ए'ला, नवे 'बी'ला, दोन्ही बटणं दाबलेली. "चार स्पीकर, मस्त भरीव वाजेल."

वाजतंय ते असं. लेक आवाज वाढवून सिनेमा लावतो, अर्ध्या तासात टक् होतं, रिसीव्हर बंद, पडद्यावर 'प्रोटेक्ट'. दहा मिनिटांनी पुन्हा चालू होतो. आणि बाबांची तक्रार वेगळीच. ते म्युझिक कॉलेजात (मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेचं ते पुढचं रूप) तबला शिकलेले, कान तयार. फैयाझ खाँसाहेबांच्या जुन्या रेकॉर्डी पेन ड्राइव्हवर लावून दिल्या तर म्हणाले, "खाँसाहेब पत्र्याच्या डब्यातून गातायत आणि डग्गा शेजारच्या फ्लॅटमध्ये बसलाय." वाड्यात याच पेट्या गोड वाजायच्या हो!

दुकानदार म्हणतो, "बेन, बसो वॉटना टॉवर लई लो, घर हली जशे." (म्हणजे दोनशे वॉटचे उंच स्पीकर घ्या, घर हलेल.) घर हलवायचं नाहीये. पंचवीस हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे, पण चुकीच्या जागी नको. काय करू?

---

गरबाकिंग

ताई, दोनशे वॉट घ्या, विषय संपवा. आमच्या सोसायटीच्या गरब्याला याच्या दहापट लागतात 😄

---

सुरसागरकाठ

बाबा ८१ वर्षांचे आहेत. गरबा नको.

---

ओहमपती

एक पैसाही खर्च करू नका अजून. आधी एवढं सांगा: रिसीव्हरच्या मागे स्पीकरच्या तारा खोचतात तिथे बारीक अक्षरांत काय छापलंय? स्पीकर नेमके कुठे ठेवलेत? हॉल केवढा, खाली फरशी कसली? आणि समोरच्या पॅनेलवर 'प्युअर डायरेक्ट' किंवा तसलं बटण आहे का, त्याचा दिवा पेटलाय का?

---

सुरसागरकाठ

मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचलं: 'ए किंवा बी: ६ ते १६ ओहम. ए + बी: १२ ते १६ ओहम.'

हॉल ११ बाय १६ फूट, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड, एका बाजूला पूर्ण काचेचं सरकतं दार. पडदे अजून शिवायचेत. चारही स्पीकर टीव्ही युनिटच्या खणांत आहेत, मोठे खालच्या, छोटे वरच्या, पाठ लाकडाला टेकलेली. आणि हो, निळा दिवा पेटलेला आहे. मला वाटलं शोभेचा आहे.

---

ओहमपती

तुमच्या रिसीव्हरनेच उत्तर पाठीवर छापून ठेवलंय.

ए आणि बी दोन्ही दाबले की बहुतेक रिसीव्हरांत दोन्ही जोड्या समांतर जोडल्या जातात. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप, ते कमी तितकी जास्त वीज वाहते. समांतर जोडणीत ओहमांची बेरीज होत नाही, ते उतरतात. ४ आणि ६ समांतर म्हणजे २४ भागिले १०, म्हणजे २.४ ओहम. तुमच्या यंत्राला ए + बीमध्ये प्रत्येक स्पीकर किमान १२ ओहमचा हवा, म्हणजे दोन्ही मिळून ६ पडतात. आपण दिलेत २.४. रिसीव्हरने २० व्होल्ट दिले तर ८ ओहमच्या स्पीकरमधून अडीच अँपियर वाहतात, २.४ ओहमवर सव्वाआठ. ती सगळी गरमी आतल्या ट्रान्झिस्टरांना सोसावी लागते. 'प्रोटेक्ट' हा बिघाड नाही, तो जीव वाचवतोय स्वतःचा. दोन्ही बटणं एकत्र दाबणं आजच थांबवा. शिवाय पाठीवरचा ओहमचा आकडा नाममात्र असतो, सूर बदलतो तसा प्रत्यक्षातला रोध वरखाली होतो आणि काही ठिकाणी छापल्यापेक्षाही खाली जातो.

कडू गोष्ट अशी की बाबांच्या ४ ओहमच्या पेट्या एकट्याही या यंत्राच्या हद्दीत बसत नाहीत. हळू आवाजात चालतील, पण सिनेमा त्यांच्यावर नको. मेनूत ओहम निवडायची सोय असली तरी भुलू नका. ते कमी ओहमवर नेलं की बहुतेक यंत्रं आतून व्होल्टेज कापतात. गरमी कमी होते, पण दमही कमी होतो.

आता वॉट. स्पीकरवरचे वॉट म्हणजे तो किती सोसेल, किती मोठ्याने वाजेल ते नव्हे. वॉट म्हणजे पोटात किती मावतं, डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) म्हणजे किती अंगी लागतं. तुमचे छोटे ८७ डीबीचे आहेत, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर ८७. दोन स्पीकर आणि तीन मीटरवर सोफा धरला तर एकेका वॉटला सोफ्यावर ८० डीबीच्या आसपास पोचतात. बाबा गाणं ऐकतात ते सत्तरच्या घरात असेल, म्हणजे वॉटचा दहावा हिस्सा. तबल्याची थाप सरासरीच्या वीस डीबी वर उडाली तरी दहा वॉट पुरे. तुमच्याकडे ७० आहेत! उलट दोनशे वॉटचा टॉवर ८४ डीबीचा निघाला तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट ताकद मागेल, कारण दर तीन डीबीला वॉट दुप्पट होतात. आणि तो ४ ओहमचा असला तर परत 'प्रोटेक्ट'.

रिसीव्हरशी जोडी जुळवताना आधी ओहम बघा, मग डीबी, वॉट सगळ्यांत शेवटी. दुकानात हे बरोबर उलटं सांगतात, कारण खोक्यावर वॉटच मोठ्या अक्षरात असतात.

---

डग्गातिरकिट

ओहमपतींनी रिसीव्हरचं बघितलं, मी बाबांचं बघतो. डग्गा शेजारी बसलाय हे वाक्य मला फार आवडलं, कारण नेमकं निदान आहे ते! दोनपैकी एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या की एकाचा पडदा (कोन) बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि गायक मधोमध बसायचा सोडून खोलीभर पसरतो.

तपासायला पेन्सिल सेल पुरतो, १.५ व्होल्टचा. रिसीव्हर बंद करा, भिंतीतून प्लग काढा, तारा रिसीव्हरपासून सोडवा. मग लालला जाणाऱ्या टोकाला सेलचं अधिक, काळ्याला उणे, क्षणभरच टेकवा. वूफरचा कोन बाहेर उडायला हवा. चारही स्पीकर असेच बघा. तारेवर खूण नसेल तर नेलपॉलिशचा ठिपका द्या.

दुसरं, एकच गाणं चार ठिकाणांहून आलं की ते कानाला किंचित मागेपुढे पोचतं. काही सूर फुगतात, काही गळतात. डब्यातल्या आवाजाचा अर्धा दोष तिथला. एका वेळी एकच जोडी.

तिसरं, निळा दिवा! प्युअर डायरेक्ट चालू असलं की बहुतेक यंत्रांत बास आणि ट्रेबलची बटणं फिरवून काही होत नाही. खाँसाहेब गेले १९५० साली, त्यांच्या रेकॉर्डी ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांच्या जमान्यातल्या. त्यात वरच्या पट्टीला गाण्यापेक्षा सुईची खरखर जास्त. नव्या स्पीकरचे ट्वीटर (बारीक सूर वाजवणारे भाग) ती इमानेइतबारे ऐकवतात. दिवा विझवा, ट्रेबल दोन घरं खाली आणा. शुद्धतावादी रागावतील, रागावू द्या.

---

रावपुराकर

हॉलमध्ये मधोमध उभं राहून टाळी वाजवा. मागून 'टर्रर्र' आलं तर स्पीकर निम्मे निर्दोष. वाड्यात गादी-लोड, पुस्तकांची कपाटं, लाकडी माळवद होतं. तुमच्याकडे काच आणि टाइल. सोफ्यासमोर जाड सतरंजी, काचेला दुहेरी पडदा. हा खर्च करा, तो टॉवर नका घेऊ. आणि स्पीकर खणातून बाहेर काढा हो! मागे हवेचं भोक असेल आणि ते लाकडाला टेकलं असेल तर डग्गा घुमतो, बोलत नाही. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला.

---

सुरसागरकाठ

रविवारचा अहवाल.

टाळी: टर्रर्र. चांगलीच.

सेल: भिंतीवरच्या घड्याळातून काढला. नवे दोन्ही बाहेर उडाले. जुन्यांतला उजवा बाहेर, डावा आत. तारेला खूणच नव्हती, दुकानाच्या मुलाला कशी कळणार. बाबा खुर्चीत बसून बघत होते, म्हणाले, "म्हणजे मीच बरोबर होतो." दुपारभर तेच वाक्य.

सेल लावतानाच दिसलं की जुन्या उजव्या वूफरभोवतीची काळी किनार बोट लागताच भुगा होऊन पडतेय, जळक्या पापडासारखी.

सध्या फक्त नवे छोटे लावलेत, खणाबाहेर, दोन स्टुलांवर. गादीवरची सतरंजी खाली अंथरली. दिवा विझवला. सिनेमा पूर्ण चालला, टक् झालं नाही. बाबांनी भैरवी ऐकली, तक्रार केली नाही. पण "पेट्या कुठे नेल्यास?" हे तीनदा विचारलं.

तर आता खरा प्रश्न: त्या पेट्यांचं काय करू? त्यांच्या खोलीत लावून देता येतील का?

---

डग्गातिरकिट

भुगा झाला ती फोमची किनार. वीसेक वर्षांत फोम असाच गळतो, रबर जास्त टिकतं. कोन फाटलेला नसेल तर फक्त किनार बदलता येते, अख्खा वूफर नको. गरब्याचे साउंडवाले नवरात्रानंतर आपले कोन जिथे भरून घेतात तिथे विचारा. दोन्ही बाजूंची एकदमच बदला, एकच बदललीत तर डावं-उजवं वेगळं वाजेल. त्याच वेळी आतल्या क्रॉसओव्हरचे (खर्ज वूफरकडे, बारीक सूर ट्वीटरकडे वाटून देणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर तपासायला सांगा. तेही म्हातारे होतात आणि ट्वीटर मंदावतो.

---

ओहमपती

मग त्यांच्या खोलीसाठी छोटा स्टिरिओ अॅम्प घ्या, वीस-तीस वॉटचा पुरे. खोक्यावर नाही, माहितीपत्रकात ४ ओहमला किती वॉट ते छापलेलं असलं तरच. ४ ओहमची ओळच नसेल तर खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात जा. पंचवीस हजारांत किनार, अॅम्प, पडदे, सगळं बसून वर उरावं.

---

सुरसागरकाठ

किनारवाला मांडवीपाशी मिळाला. पेट्या आठवडाभर ठेवून घेतो म्हणाला. बाबा सोबत गेले होते, त्याला बजावून आले की कापड फाडायचं नाही. अॅम्प आणायला जाताना माहितीपत्रकाचा फोटो इथे टाकते, विकत घेण्याआधी एकदा नजर टाका. घड्याळ अजून साडेअकरावर आहे, सेल बाबांनी खिशात ठेवलाय. पेट्या परत आल्या की स्वतः तपासणार म्हणे.