बॅटरी की अणुभट्टी, हा वादच चुकीचा आहे

बॅटऱ्या एवढ्या स्वस्त झाल्यात मग अणुवीज हवीच कशाला, असं बरेच जण विचारतात, त्यावर थोडं सांगतो. मेगावॅट (एका क्षणी किती जोराने वीज देता येते) आणि मेगावॅट-तास (एकूण किती वीज मिळते) यात बऱ्याच जणांची गल्लत होते. दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची बॅटरी घ्या, २०१७ ला सुरू झाली तेव्हा १०० मेगावॅट आणि १२९ मेगावॅट-तास, म्हणजे पूर्ण जोर लावला तर साधारण सव्वा तासात रिकामी. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढून ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, फ्रिक्वेन्सी घसरली की क्षणात वीज सोडून सावरायची, हे काम ती झकास करते. पण आठवडाभर ढग आहेत आणि वाराही पडलाय, म्हणजे सौर आणि पवनवीज जवळपास नाही, तेव्हा काय? १००० मेगावॅटची अणुभट्टी पूर्ण क्षमतेने चालली तर दिवसाला २४००० मेगावॅट-तास देते, म्हणजे तसल्या १८६ बॅटऱ्या, आणि त्या आधी कुठूनतरी भरायला हव्यात ते वेगळंच.

आता अणुवीजवाल्यांनीही ऐकावं, अमेरिकेतल्या व्होगल अणुवीज केंद्राच्या दोन नव्या भट्ट्या ठरल्यापेक्षा सुमारे सात वर्षं उशिरा, २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाल्या आणि खर्च दुपटीच्याही वर गेला, ही दुखरी नस आहे आणि ती मान्य करायलाच हवी.

आणि हो, पंप्ड स्टोरेज विसरू नका! रात्री मागणी कमी असते पण भट्टी एका लयीत चालू ठेवणंच परवडतं, मग ती उरलेली वीज वापरून पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी टर्बाइनवर सोडायचं, यात पाव हिस्सा वीज वाया जाते तरी चालतं. अणुभट्टी आणि पंप्ड स्टोरेज ही जोडी कित्येक दशकं एकत्र नांदतेय.