विषय: मागच्या ॲक्सलचे वजन आणि उजव्या टायरांमधली हवा

नमस्कार मंडळी,
वजनकाट्याची पावती सर्वांकडे आहेच. आपल्या मोटरहोमच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) मागच्या ॲक्सलवर, म्हणजे मागच्या चाकांच्या आसावर, डावीकडे 10,200 आणि उजवीकडे 8,600, म्हणजे एकूण 18,800 पौंड भरले. मर्यादा 20,000 आहे. दोन्ही बाजूंत 1,600 पौंडांचा फरक असल्यामुळे उजव्या जोडीत (शेजारी-शेजारी बसवलेल्या आतल्या आणि बाहेरच्या टायरांत) हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे त्या अंगाला गाडी आदळणार नाही, असे मला वाटते. शुक्रवारी निघायचे असल्याने कृपया आजच कळवावे.
— कार्यवाह, सहल समिती

ताई,
तसे कृपया करू नये. एका ॲक्सलवरच्या सर्व टायरांत दाब सारखाच हवा, आणि तो जड बाजू पाहून टायर-कंपनीच्या तक्त्यावरून ठरवायचा असतो. आपला 275/80आर22.5, लोड रेंज जी (भार पेलण्याची श्रेणी) हा टायर 110 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाबाला एकेरी असताना 6,175 पौंड पेलतो, पण जोडीत 5,675च. डावीकडच्या प्रत्येक टायरवर आज 5,100 आहेत. हवा काढून तोल साधत नाही. डाव्या कप्प्यांतले जड सामान उजवीकडे हलवावे.
मात्र पाण्याची टाकी तेव्हा भरलेली होती की रिकामी, हे पावतीवरून कळत नाही. शंभर गॅलन पाणी म्हणजे 834 पौंड. शिवाय टाकी डाव्या अंगाला, ॲक्सलच्या पाच फूट मागे आहे आणि दोन ॲक्सलांमधले अंतर वीस फूट आहे. त्यामुळे पुढचे चाक काहीसे उचलले जाऊन मागे प्रत्यक्षात सुमारे 1,040 पौंड वाढतात. बहुतेक भार डावीकडेच गेला, तर तिथल्या प्रत्येक टायरवर 5,620च्या आसपास येतील आणि ॲक्सलवर जेमतेम 160 पौंडांची सवड उरेल. सायकली मागे टांगायच्या आहेत, त्या यात धरलेल्याच नाहीत.
— मागच्या सहलीचा चालक

सप्रेम नमस्कार,
टाकी रिकामीच होती, कारण मुक्कामी पोचल्यावर पाणी भरता येते. वजनाचे काम कार्यकारिणीने वाहन समितीकडे सोपवलेले आहे, तेव्हा त्याची पद्धत समितीलाच ठरवू द्यावी, ही नम्र विनंती. टायरांची नक्षी उत्तम आहे. त्याबद्दल शंका नसावी.
— वाहन समिती

काका,
नक्षीवरून मोटरहोमच्या टायरची परीक्षा होत नाही, कारण वर्षातले बरेच दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधी ऊन आणि ओझोनमुळे म्हातारा होतो. टायरच्या कडेवरचे चार आकडे पाहावेत. 3218 असेल, तर तो 2018च्या 32व्या आठवड्यातला. आतल्या टायरवर ते आकडे बहुधा आतल्या अंगालाच असतात, म्हणून गाडीखाली विजेरी घेऊन वाकावे लागते. आमच्या गाडीच्या आतल्या टायरमधली हवा निम्म्यावर आली होती, तरी बाहेरून जोडी ठाकठीक दिसत होती आणि सगळा भार बाहेरचा बिचारा एकटा वाहत होता. तेव्हापासून निघण्यापूर्वी सहाही टायरांचा दाब मापकाने मोजल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही.
— एक सभासद

दाब सकाळी, गाडी हलवण्यापूर्वीच मोजावा. चालून तापलेल्या टायरचा दाब वाढणारच, म्हणून वाटेत हवा सोडू नये. मोटारीचा छोटा मापक बहुधा शंभरापर्यंत पोचत नाही, आणि आतल्या व्हॉल्व्हसाठी दुहेरी तोंडाचा, ट्रकचा मापक लागतो. तो कोणाकडे आहे?
— मागच्या सहलीचा चालक

मापक वाहन समितीच्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडूनच न्यावी. गुरुवारी टाकी भरून, सायकली टांगून, माणसांसह चारही कोपऱ्यांचे वजन समितीच करून घेईल.
— वाहन समिती

आभारी आहे. ज्यांच्या पेट्या डाव्या कप्प्यांत आहेत, त्यांनी बुधवारपर्यंत त्या उजवीकडे हलवाव्यात. आकडे येईपर्यंत सायकलींचे कोणी गृहीत धरू नये.
— कार्यवाह, सहल समिती