डाउनपाइप पुन्हा त्याच जागी चिरतोय : वेल्ड दोषी की दुसरंच काही? (ऑक्टेव्हिया १.८ टर्बो)

नमस्कार मंडळी,

गाडी २००५ ची ऑक्टेव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल. टर्बो मूळचाच, के०३ मॉडेलचा. इंजिनला हात लावलेला नाही, ट्यूनिंग वगैरे काही नाही, कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जागेवर आहे. मूळ डाउनपाइपचा (टर्बोतून धूर खाली कॅटकडे नेणारा पाइप) बेलो, म्हणजे मधला लवचिक घडीदार तुकडा, फाटला आणि नवा भाग बाहेरून मागवायचा तर किंमत जुन्या गाडीला झेपणारी नव्हती, म्हणून भोसरीत एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला.

बनवलाय असा : एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलची एक जात), अडीच इंची पाइप, जाडी दीड मिलिमीटर. टर्बोकडचा फ्लँज (बोल्टने आवळायची जाड प्लेट) १० मिलिमीटर माइल्ड स्टीलचा, म्हणजे साध्या पोलादाचा, लेसरवर कापलेला. मध्ये बेलो, पुढे कॅटला व्ही-बँड क्लॅम्प (दोन तोंडं जोडणारा गोल पट्टा). सगळं आर्गन वेल्डिंग (हवा लागू नये म्हणून आर्गन वायू सोडत केलेलं). बाहेरून बघाल तर वेल्ड देखणा आहे, एकसारखे थर, निळसर-सोनेरी रंग. काम वाईट आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही.

तरी तो चिरतो. सकाळी गार गाडी चालू केली की फस् फस् असा आवाज, दहा मिनिटांनी तापली की निम्मा बंद. खालून बघितलं तर फ्लँजच्या खालच्या अंगाला काजळीची रेघ. फॅब्रिकेटरने आधी वरून जाड थर मारला. परत चिरला, तेव्हा फ्लँज आणि पाइपमध्ये त्रिकोणी गसेट (आधाराची पट्टी) लावला. आता गसेटच्या टोकाशी चिरलाय. एक गोष्ट मात्र दर वेळी सारखी आहे : चीर वेल्डमधून जात नाही, वेल्डच्या काठाला अगदी चिकटून पाइपमधून जाते.

या वेळी तुकडा कापून आतून बघितला. बाहेरचा वेल्ड एवढा सुबक आणि आत राखाडी-काळी खडबडीत खरपूड, गुऱ्हाळातल्या कढईच्या काठाला धरते तशी. नखाने खरवडली तर कण सुटतात. हे असंच असतं का?

फॅब्रिकेटरचं म्हणणं, पाइप पातळ पडतोय, ३ मिलिमीटरचा घेऊ. मला ते पटत नाही. जाड पाइप म्हणजे वजन वाढणार, आणि ते सगळं त्याच टर्बोच्या गळ्यात लटकणार. नवीन बनवण्याआधी नेमकं काय तपासू, ते कृपया सांगा. आणखी काही माहिती लागली तर विचारा. टर्बोच्या खालचा एक छोटा ब्रॅकेट नवीन पाइपला आडवा येत होता म्हणून काढलेला आहे, तो डिकीत आहे.

— आरएसवाला

लेथमास्तर :
आतली ती खरपूड म्हणजे पाइपच्या आतून आर्गन सोडलेला नाही. टॉर्चमधला आर्गन बाहेरची बाजू सांभाळतो, आतल्या बाजूला वितळलेलं स्टेनलेस उघड्या हवेत जळतं. तिथे क्रोमियमचं ऑक्साइड होऊन बसतं, धातू ठिसूळ होतो आणि मुळाशी खाचा राहतात. चीर तिथूनच सुरू होते. दोन्ही तोंडं फॉइल आणि टेपने बंद करायची, एका बाजूने आर्गन हळू सोडायचा, दुसऱ्या बाजूला हवा निघून जायला बारीक भोक. आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून खालून भरायचा आणि भोक वर ठेवायचं. आधी थोडा वेळ थांबायचं, मग वेल्ड. आर्गन वाया जातो म्हणून बरेच जण हे टाळतात.

फिलर रॉड (वेल्डमध्ये वितळवून भरायची सळी) कोणता वापरला ते विचारा. ३०४ ला ३०४ जोडायला ३०८ एल बरोबर, पण तुमचा फ्लँज माइल्ड स्टीलचा आहे. तिथे ३०९ एल हवा.

आरएसवाला :
फोन केला. सगळीकडे ३०८ च वापरलाय. आतून आर्गन दिलेला नाही, "सायलेन्सरला कोण देतं" असं उत्तर आलं.

घाटावरचा :
मास्तरांचं सगळं खरं, पण दादा, तुमचा आजार तुमच्या पोस्टच्या शेवटच्या ओळीत आहे. डिकीतला ब्रॅकेट.

या इंजिनात मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर गोळा करणारा भाग) टर्बो बाहेर लोंबतो. त्याचं वजन ब्लॉकवर घ्यायला खालून तो ब्रॅकेट दिलेला असतो. तो काढल्यावर टर्बो आणि डाउनपाइप, दोघांचं ओझं मॅनिफोल्डच्या स्टडवर (आटे असलेल्या खुंट्यांवर) आणि तुमच्या फ्लँजच्या वेल्डवर. आज पाइप चिरतोय, उद्या स्टड तुटतील किंवा ओतीव मॅनिफोल्डलाच तडा जाईल, आणि तो खर्च पाइपपेक्षा कितीतरी मोठा. ब्रॅकेट आडवा येत असेल तर पाइपचा बेंड बदला, ब्रॅकेट नाही.

शिवाय इंजिन आडवं बसवलेलं आहे. ॲक्सिलरेटर दाबला की ते पुढे-मागे झुलतं, बॉडी मात्र जागेवर. हा फरक बेलोने खायचा असतो. गिअरबॉक्सच्या खाली जो हाडाच्या आकाराचा माउंट (इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार) आहे त्याचं रबर बघा. या वयाच्या गाडीत ते हमखास गेलेलं असतं. रबर गेलं की झोला वाढतो, बेलो ताणाच्या टोकाला जातो आणि उरलेला झटका थेट फ्लँजला. बेलो वाकतो, थोडा लांबतो-आखडतो, पण पिळला की फाटतो. आणि वजन तोलणं हे त्याचं काम नाहीच. त्याच्या अलीकडचा भाग इंजिनला धरलेला हवा, पलीकडचा बॉडीला रबरी हँगरवर.

गसेट लावून त्यांनी चिरेची जागा फक्त दोन इंच पुढे सरकवली. कडक जागा जिथे संपते तिथे ताण साठतो.

लेथमास्तर :
घाटावरच्यांना दुजोरा. त्यात उष्णतेचं गणित मिळवा. ३०४ चा अर्धा मीटर पाइप ६०० अंशांनी तापला तर साधारण ५ मिलिमीटर वाढतो. माइल्ड स्टील त्याच तापमानाला पावणेचारच्या आसपास. दोन्ही टोकं घट्ट धरलीत तर ही वाढ जाणार कुठे? तुमचा आवाज तापल्यावर कमी होतो तोही यामुळेच, वाढलेला पाइप चीर दाबून धरतो. म्हणून गळती नेहमी गार इंजिनवर शोधा.

पाइप दीड मिलिमीटरचाच ठेवा. फ्लँज मात्र तपासा. वेल्डच्या उष्णतेने तो केळ्यासारखा वाकतो, बोल्ट आवळले की सरळ होतो आणि तो सरळ होण्याचा ताण कायमचा वेल्डमध्ये बसतो. सरळपट्टी आडवी धरून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघा.

रीतसर :
दोन गोष्टी. कॅट काढायचा सल्ला कुणीतरी देईलच, ऐकू नका. पीयूसी, आरटीओ, नूतनीकरण, सगळीकडे अडकाल. आणि हीट रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) गुंडाळणार असाल तर विचार करा. पाइप जास्त तापतो, पावसाळ्यात ओल धरून ठेवतो, आणि चीर पडली तरी दिसत नाही. टर्बोशेजारी पत्र्याची मूळ हीट शील्ड असेल तर तीच परत बसवा.

आरएसवाला :
सर्वांचे आभार. आज गाडी खाली घेतली. खालच्या माउंटचं रबर एका बाजूने पूर्ण सुटलंय, पहारीने ढकललं तर इंजिन सहज झुलतं. फ्लँजखाली दोन्ही टोकांना ०.४ मिलिमीटरचं पातं आरामात जातं. आणि व्ही-बँडचा क्लॅम्प काढल्याबरोबर पाइपचं तोंड कॅटपासून टुणकन बाजूला सरकलं, जवळजवळ बोटभर. म्हणजे तो इतके दिवस ओढून बसवलेला होता.

माउंट मागवलाय, ब्रॅकेट परत लावतोय, पाइप नवीन. या वेळी फ्लँजही ३०४ चा. गाडीवर जुळवताना काय काळजी घेऊ? आणि आतून आर्गन देणारा माणूस शोधायचा कुठे?

लेथमास्तर :
गाडीवर फक्त टॅक (तुकडे जागेवर धरणारे वेल्डचे ठिपके) मारायचे, पूर्ण वेल्ड टेबलावर. आधी बॅटरीची वायर काढा. अर्थचा चिमटा जॉबवरच (जो पाइप जोडताय त्यावरच), टॅकच्या शेजारी, टर्बोवर किंवा इंजिनवर कुठेही लावू नका. करंट टर्बोच्या बेअरिंगमधून गेला तर पाइप राहील बाजूला, टर्बो बदलावा लागेल.

क्रम असा ठेवा : नवीन माउंट आणि ब्रॅकेट आधी बसवा, इंजिन त्याच्या खऱ्या जागी येऊ द्या, मग मापं घ्या. जुन्या माउंटवर घेतलेली मापं चुकणारच. टर्बोचा फ्लँज आवळा, कॅट हँगरवर सैल लटकवा, मधले तुकडे जुळवा, बेलो ताणही नको नि दाबही नको अशा लांबीवर ठेवून टॅक मारा. व्ही-बँडची दोन तोंडं हाताने एकमेकांवर बसली पाहिजेत. क्लॅम्पने ओढावं लागलं तर टॅक कापून परत जुळवा.

टेबलावर फ्लँज २० मिलिमीटरच्या प्लेटला बोल्टने आवळून वेल्ड करा, समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून, आणि गार होईपर्यंत सोडू नका. नंतर लेथवर किंवा मिलिंगवर हलकं फेसिंग (तोंड सपाट करून घेणं). ऑक्सिजन सेन्सरचं नट आडव्या रेषेच्या वर येऊ द्या म्हणजे पाण्याचे थेंब सेन्सरवर साचत नाहीत. वेल्ड करताना त्यात निकामी सेन्सर आवळून ठेवा, नाहीतर आटे आकसतात.

घाटावरचा :
माणूस सायलेन्सरवाल्यांत शोधू नका. दूध डेअरी आणि औषध कारखान्यांच्या स्टेनलेस पाइपलाइनी जोडणारे वेल्डर गाठा. आत खरपूड राहिली तर तिथे जंतू साठतात आणि अख्खी लाइन नापास होते, त्यामुळे आतून आर्गन देणं त्यांच्या हातात बसलेलं असतं. चाकण-भोसरी पट्ट्यात असे बरेच आहेत. जुळवून टॅक मारलेला पाइप घेऊन जा, गाडी न्यायची गरज नाही. आणि वेल्ड झाला की पैसे देण्याआधी बॅटरी मारून आतून बघा. आतली कड चांदीसारखी किंवा हलकी पिवळसर हवी.

आरएसवाला :
समजलं. माउंट आला की मापं घेतो. कापलेल्या जुन्या तुकड्याचे आतले फोटो आणि नवीन वेल्डचे आतले फोटो शेजारी-शेजारी टाकेन.