मदत हवी आहे : घरच्या केचपला पाणी सुटते

नमस्कार. घरातला केचप संपला की ताजे टोमॅटो न शिजवता, फडताळात असलेल्या टोमॅटो प्युरीच्या २०० ग्रॅमच्या पाकिटातून तो झटपट करण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. प्युरीत ३ मोठे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, पाव चमचा काश्मिरी मिरचीची पूड आणि पुरचुंडीत बांधलेल्या २ लवंगा व दालचिनीचा तुकडा घालून मी ते मिश्रण जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १२ मिनिटे आटवते आणि शेवटी २ चमचे व्हिनेगर घालते, कारण ते आधी घातल्यास उकळताना त्याचा आंबटपणा बराच उडून जातो.

चव मनासारखी येते, मुलेही आवडीने खातात. मात्र थंड बशीत थेंब टाकून पाहिला की काही क्षणांतच त्याच्याभोवती पाण्याचे फिकट कडे उमटते, आणि फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेल्या बाटलीत तर वर बोटभर पाणी साचलेले असते. एकदा कॉर्नफ्लोअर लावून पाहिले, पण केचपला खळीसारखा चिकटपणा आला आणि रंगही मंदावला, त्यामुळे तो उपाय मला पुन्हा करायचा नाही.

हे केवळ आणखी आटवल्याने थांबेल का, की सफरचंदाचा शिजवलेला गर घातल्यास त्यातील पेक्टिनमुळे केचप मिळून येईल? साखरेऐवजी गूळ वापरणाऱ्यांनी प्रमाण आणि रंगाविषयीचा अनुभवही कृपया कळवावा.