फ्लूच्या तापात मूल बरळायला लागलं तर
फ्लूचा विषाणू थेट मेंदूत शिरतो का, असा प्रश्न अशा वेळी पडतो. बहुतेकदा नाही, पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत तो सहसा सापडतच नाही. घात करतो तो आपल्याच प्रतिकारशक्तीचा उद्रेक. सायटोकाइन्स, म्हणजे प्रतिकारशक्तीला चेतवणारी शरीरातली रसायनं, भडकतात, मेंदूतल्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात, सूज चढते. याचा सर्वांत भयंकर प्रकार जपानच्या डॉ. मिझुगुची यांनी १९९५ मध्ये मांडला. त्यात एमआरआयवर दोन्हीकडच्या थॅलॅमसला (मेंदूच्या आतला मधला भाग) इजा दिसते. दुर्मीळ आहे, पण ताप आल्यावर एक-दोन दिवसांतच गाठतो. म्हणून पोटतिडकीने सांगते, मूल असंबद्ध बोलायला लागलं, झटका आला, हाका मारूनही नीट जागं होईना, तर सकाळची वाट पाहू नका. आणि फ्लूत मुलांना ॲस्पिरिन अजिबात नको, त्याने राय सिंड्रोम हा आजार होऊ शकतो आणि त्यात यकृत आणि मेंदू दोन्हींना इजा होते.