नाशिकात मुंबईची अस्मिता वाहिनी दिवसा खरखरते, उपाय?

प्रश्न: नाशिक आकाशवाणी एफएम १०१.४ वर स्वच्छ लागते. पण मुंबईची अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्झ, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये दिवसा नुसती खरखर. एरियल पूर्ण ओढूनही फरक नाही.

उत्तर १: ओढायची दांडी एफएमसाठी. अस्मिता मध्यम लहरींवर (मीडियम वेव्ह) येते, त्यांच्यासाठी रेडिओच्या पोटात आडवी फेराइटची (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाची) कांडी हाच एरियल असतो, तिच्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. मुंबई आपल्या नैर्ऋत्येला, म्हणून रेडिओची लांब बाजू तिकडे करा. टोक तिकडे वळलं की आवाज पडतोच. हळूहळू फिरवून बघा, थोड्या अंशांनीही फरक पडतो.

उत्तर २: आधी एलईडी दिवे, मोबाइलचा चार्जर, राउटर एकेक करून बंद करा. बहुतेक वेळा खरखर तिथूनच येते. रेडिओ सेलवर लावा आणि खिडकीत ठेवा, स्लॅबमधल्या सळ्या लहरी अडवतात.

उत्तर ३: रात्री जास्त स्पष्ट लागेल. दिवसा लहरी शोषणारा आयनांबराचा (वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित भागाचा) खालचा थर सूर्यास्तानंतर विरतो. मात्र तेव्हा लांबची केंद्रंही मध्ये घुसतात. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ पासूनचं, जपून ऐकावं असंच आहे.